सीटी नॉर्मल आहे, मग आई जागी का होत नाही?

पत्र

डॉक्टर, माझी आई ६३ वर्षांची आहे, जुनी साखर आहे. लघवीचं इन्फेक्शन झालं, थंडी वाजून ताप आला आणि दोन दिवसांत बीपी एकदम खाली गेलं. कराडच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलंय. सेप्सिस सांगितलंय, व्हेंटिलेटर लावलाय. आता ताप उतरलाय, बीपी चढवायचं औषध जवळजवळ बंद झालंय, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन अजून वाढलेलंच आहे पण खाली येतंय. गुंगीचं औषध बंद करून तीन दिवस झाले, तरी आई जागी होत नाही. हाक मारली की कधीतरी डोळे उघडते, पण आमच्याकडे बघत नाही. मधूनच ओठाचा उजवा कोपरा फडफडतो. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणतात, इन्फेक्शनचा मेंदूवर परिणाम झालाय, ईईजी करून बघू. मामा म्हणतात, आधीच एवढी अशक्त आहे, डोक्याला करंट देऊ नका. मेहुणे म्हणतात, पुण्याला हलवा, तिथे डोक्याला भोक न पाडता मेंदूचं प्रेशर आणि रक्तपुरवठा मोजायची मशिनं आहेत. आम्हाला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडतात. आम्ही काय करावं? आणि ती आम्हाला पुन्हा ओळखेल का?

— एक मुलगी, सातारा जिल्हा

उत्तर

ताई,

ओठाचा कोपरा फडफडतो, हे तुम्ही तिथल्या डॉक्टरांना सांगितलंय का? सांगितलं नसेल तर पुढचं वाचायच्या आधी सांगा. कधी दिसलं, किती वेळ टिकलं, डोळे एका बाजूला वळले होते का, एवढं तरी सांगा. परवानगी मिळाली तर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा. तुमच्या आईला मी तपासलेलं नाही आणि निर्णय तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. पण माझं मत विचाराल तर ईईजी आजच व्हावा, आणि तेवढ्यासाठी तिला पुण्याला न्यायची गरज नाही.

मामांची भीती आधी दूर करते, कारण तिच्यापायी एक दिवस वाया जाऊ नये. ईईजीत डोक्याला करंट देत नाहीत. मेंदूच्या पेशी स्वतःच अतिशय सूक्ष्म वीज तयार करत असतात आणि ती व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते. डोक्याच्या कातडीवर पेस्ट लावून वीसेक छोट्या चकत्या चिकटवतात आणि ती वीज टिपून घेतात, छातीला वायरी लावून ईसीजी काढतात तसंच. सुई नाही, भूल नाही, किरण नाहीत. मशीन पलंगाशेजारी आणता येतं. मामांच्या मनात शॉक ट्रीटमेंट असावी. ती मनोविकारांतली वेगळी गोष्ट आहे, तिचा इथे काही संबंध नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. सीटी नॉर्मल असूनही आई जागी का होत नाही?

सेप्सिसची २०१६ साली ठरलेली व्याख्या सांगते की, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बिघडतो आणि त्यामुळे आपलेच अवयव जिवावर बेतेल इतके निकामी व्हायला लागतात. किडनी, फुप्फुस, लिव्हर यांच्याबद्दल हे सगळे ऐकून असतात. मेंदूही त्यातलाच एक अवयव आहे, आणि कित्येकदा सगळ्यांत आधी तोच कुरबुर करतो. म्हातारी माणसं ताप यायच्या आधीच असंबद्ध बोलायला लागतात, ती यामुळेच. अशा वेळी जंतू मेंदूत शिरलेले नसतात. संसर्ग मूत्रमार्गातच असतो, पण त्याच्याशी लढताना रक्तात सुटलेली दाहक द्रव्यं मेंदूपर्यंत पोचतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल होतो. मेंदूतल्या संरक्षक पेशी चवताळतात. बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह बिघडतो. त्यात किडनी बंद पडल्याने साठलेला युरिया, वरखाली झालेली साखर, बदललेलं सोडियम आणि आपणच दिलेली औषधं यांची भर पडते. सेप्सिसच्या रुग्णांत हा मेंदूचा बिघाड इतका नेहमीचा आहे की काही अभ्यासांत तो ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांत आढळला आहे.

यातलं काहीच सीटीत दिसत नाही. वाड्याचा फोटो काढला तर भिंती उभ्या आहेत की पडल्या हे कळेल, आत माणसं बोलतायत की गप्प बसलीयत हे कळणार नाही. तरीही सीटी उगाच केला असं समजू नका. रक्तस्राव नाही, मोठा झटका येऊन मेंदूचा भाग गेलेला नाही, मोठी सूज नाही, हे त्यातून समजलं आणि ते फार मोलाचं आहे. पक्षाघाताचे छोटे डाग एमआरआयमध्ये अधिक नीट दिसतात. मान ताठ असेल किंवा मेंदूज्वराची शंका असेल तर पाठीतलं पाणी तपासावं लागतं. त्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आयसीयूतल्या मॉनिटरकडे तुम्ही बघितलंच असेल. हृदयाचा वेग, बीपी, ऑक्सिजन, श्वास, सगळ्यांचे आकडे तिथे चमकत असतात. लघवीची पिशवी तासातासाला मोजतात. मेंदूचा मात्र एकही आकडा त्या पडद्यावर नसतो. इतकी वर्षं आयसीयूत काम करताना मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त खटकते. रुग्ण गुंगीत आहे म्हणून त्याच्या मेंदूकडे बघायचं राहून जातं, आणि तो शांत पडून आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं धरलं जातं. तुमच्या मेहुण्यांना मशीन हवंय ते याच पोकळीपोटी, आणि त्यांची तळमळ रास्त आहे. पण या मशिनांच्या आधी दुसरी एक तपासणी येते. तिला पैसे लागत नाहीत आणि ती कराडातही होते, फक्त ती रोज आणि नेमाने व्हायला हवी.

ती तपासणी म्हणजे ठरावीक पद्धतीने, ठरावीक वेळांना रुग्णाला जागं करून बघणं. ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी, टीसडेल आणि जेनेट यांनी, १९७४ साली शुद्धीची मोजपट्टी तयार केली. डोळे उघडण्याचे ४, बोलण्याचे ५ आणि हालचालीचे ६ असे तिचे १५ गुण असतात. डॉक्टर 'जीसीएस किती' असं एकमेकांना विचारतात, ती हीच. घशात नळी असलेल्या माणसाला बोलताच येत नाही, त्यामुळे तिथे ही पट्टी अपुरी पडते. म्हणून २००५ साली मेयो क्लिनिकमध्ये 'फोर स्कोअर' नावाची दुसरी पट्टी तयार झाली. तिच्यात बोलण्याचे गुणच नाहीत. डोळे, हालचाल, बुबुळांचा आणि खोकल्याचा प्रतिसाद, आणि श्वास यांचे प्रत्येकी ४ गुण असतात.

गुंगी किती खोल आहे हे बघायला 'रास' नावाची पट्टी वापरतात. उणे ५ म्हणजे हलवलं-डिवचलं तरी काहीच प्रतिसाद नाही, शून्य म्हणजे शांत आणि जागा, अधिक ४ म्हणजे मारायला धावणारा. रुग्ण उणे ३ पर्यंत वर आला, म्हणजे हाकेला डोळे उघडायला लागला, की पुढची परीक्षा घेता येते. ती अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात तयार झाली आणि २००१ साली प्रसिद्ध झाली. तिला कॅम-आयसीयू म्हणतात. नळी असतानाही ती दोन मिनिटांत होते. दहा अक्षरं सावकाश म्हणायची आणि ठरलेलं एक अक्षर ऐकू आलं की रुग्णाने हात दाबायचा. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या तर लक्ष टिकत नाही असं धरतात. मग मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतात: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? ऐकायला पोरखेळ वाटेल, पण भ्रम, म्हणजे मन गोंधळून भानावर नसणं, आहे की नाही हे यातून कळतं. सलाईन उपटणारा, शिव्या देणारा रुग्ण सगळ्यांच्या लक्षात येतो. त्याच्यापेक्षा जास्त रुग्णांचा भ्रम मुका असतो. ते गप्प पडून असतात, छताकडे बघत राहतात, त्रास देत नाहीत, आणि म्हणून त्यांची नोंदच होत नाही.

तेव्हा डॉक्टरांना भेटाल तेव्हा 'आई कशी आहे?' एवढं विचारून थांबू नका. आज रास किती, काल किती होता? भ्रमाची तपासणी झाली का, की ती अजून तेवढी जागीच नाही? दोन्ही हात-पाय सारखे हलतात का? यांची उत्तरं एका वहीत तारखेने लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. तीन-चार दिवसांचे आकडे वर सरकतायत की नाही, ते बघायचं.

बोटाला टोचून साखर बघतात, ती मेंदूवरची सगळ्यांत स्वस्त पाळत आहे, हेही सांगून ठेवते. आईला साखर आहे, किडनी मंदावलेली आहे. अशा वेळी इन्सुलिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि रात्री साखर फार खाली जाऊ शकते. मेंदूला साखरेशिवाय चालत नाही. रक्तातलं सोडियम आणि रक्तवायू तपासणीतला कार्बन डायऑक्साइड यांचंही तसंच आहे. हे सगळं तिथे होत असणारच.

आता औषधांचा मुद्दा. तुमच्या पत्रातल्या क्रिएटिनिनमुळे तो मला महत्त्वाचा वाटतो. गुंगीचं औषध बंद होऊन तीन दिवस झाले म्हणता. कोणतं होतं ते विचारा. मिडॅझोलाम असेल तर ते वयस्क माणसात आणि किडनी मंद असताना शरीरात साठून राहतं. त्याचा असर बंद केल्यावरही कित्येक दिवस राहू शकतो. असं असेल तर तीन दिवस म्हणजे फार झाले असं म्हणता येणार नाही. दुसरं औषध अँटिबायोटिकमधलं आहे. सेफेपिम नावाचं एक चांगलं, सर्रास वापरलं जाणारं इंजेक्शन आहे. किडनीच्या मानाने त्याचा डोस कमी केला नाही तर ते मेंदूत साठतं. रुग्ण सुस्तावतो, अंगाला बारीक झटके येतात, आणि कधी बाहेरून न दिसणाऱ्या फिट्स सुरू राहतात. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१२ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. तुमच्या आईला ते चालू आहे की नाही, मला ठाऊक नाही. 'सध्याच्या औषधांपैकी कोणतं मेंदूला सुस्त करणारं आहे का, आणि डोस किडनीप्रमाणे बसवलेत का?' हा प्रश्न तुम्ही बिनदिक्कत विचारू शकता. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही. पण स्वतःहून एखादं औषध बंद करा असा हट्ट मात्र धरू नका. सेप्सिसमध्ये अँटिबायोटिक एक दिवस चुकणंही जिवावर बेतू शकतं.

आता ईईजीकडे वळते. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा कागदावर उतरवली. शंभर वर्षं होऊन गेली, तरी सेप्सिसमधल्या मेंदूवर न टोचता, न कापता लक्ष ठेवायला आजही हीच तपासणी सगळ्यांत कामाची आहे. डोळे मिटून शांत पडलेल्या जाग्या माणसाच्या लाटा सेकंदाला ८ ते १३ असतात. सेप्सिसचा परिणाम वाढत जातो तशा त्या मंदावतात. आधी ४ ते ८ वर येतात, मग ४ च्याही खाली जातात. त्याहून बिघडलं तर तीन टप्प्यांच्या विशिष्ट लाटा दिसतात, आणि फार गंभीर अवस्थेत लाटांचा झोत, मग सपाट रेघ, पुन्हा झोत असं चित्र येतं. खोल गुंगीच्या औषधानेही शेवटचं चित्र दिसू शकतं, म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्याला चालू औषधांची यादी द्यावी लागते.

रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा. पहिली, हाक मारल्यावर किंवा चिमटा घेतल्यावर लाटा बदलतात का. बदलत असतील तर ते चांगलं लक्षण मानतात. अजिबात बदलत नसतील तर काळजी वाढते. दुसरी, आणि तुमच्या आईच्या बाबतीत ही जास्त महत्त्वाची, फिट्स चालू आहेत का. फिट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस येतो. आयसीयूत पुष्कळदा तसं काहीच होत नाही. मेंदूत फिट चालू असते आणि बाहेर फक्त पापणी थरथरते, डोळे एका बाजूला ओढले जातात किंवा ओठाचा कोपरा उडतो. कधी तेवढंही दिसत नाही, माणूस नुसता जागा होत नाही. अशा फिट्स ईईजीशिवाय ओळखता येत नाहीत, आणि ओळखल्या तर त्यांच्यावर औषध आहे. जागं न होण्याच्या इतक्या कारणांत लगेच उपचार करता येण्यासारखं हे एक आहे, म्हणून मी सुरुवातीला एवढी घाई केली. ओठ उडतोय म्हणजे फिटच आहे असं नाही. ती नुसती स्नायूंची उबळही असू शकेल. पण अंदाजावर सोडून देण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

मेहुणे विचारतील की अर्ध्या तासाच्या ईईजीत फिट सापडली नाही तर काय. प्रश्न बरोबर आहे. फिट्स येतात-जातात. न्यूयॉर्कमधल्या २००४ च्या एका अभ्यासात ज्या बेशुद्ध रुग्णांत फिट्स सापडल्या, त्यांतल्या साधारण ८० टक्क्यांची पहिली फिट चोवीस तासांच्या सलग ईईजीत दिसली, बाकीच्यांना त्याहून जास्त वेळ लागला. म्हणून मोठ्या केंद्रांत सलग ईईजी लावून ठेवतात. पण स्वित्झर्लंडमध्ये याचीच थेट तुलना झाली आणि २०२० साली निष्कर्ष आले. शुद्ध हरपलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना दीड-दोन दिवस सलग ईईजी केला, निम्म्यांना वीस-वीस मिनिटांचे दोन साधे ईईजी. सलग पद्धतीत फिट्स जास्त सापडल्या खऱ्या, पण सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. गावोगावच्या आयसीयूंसाठी हा निकाल मोठा दिलासा आहे असं मला मनापासून वाटतं. सलग ईईजी मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आज एक साधा ईईजी, आणि आई जागी होत नसेल तर उद्या-परवा दुसरा. तो वाचायला न्यूरोलॉजिस्ट त्याच इमारतीत असायला हवा असंही नाही. कराडात काढलेली नोंद पुण्यात बसून वाचता येते.

आता मेहुण्यांची मशिनं.

मेंदूचा डॉप्लर १९८२ साली रूने आस्लिद यांनी प्रचारात आणला. कानाच्या पुढे, जिथे कवटीचं हाड पातळ असतं, तिथे सोनोग्राफीसारखा प्रोब टेकवून आतल्या मुख्य धमनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. बीपी खालीवर झालं तरी मेंदूचा रक्तपुरवठा स्थिर ठेवायची जी सोय शरीरात असते, ती सेप्सिसमध्ये बिघडते. डॉप्लरने ती पारखता येते. संशोधनासाठी हे फार चांगलं साधन आहे. अडचण अशी की ते चालवणारा हात तयार लागतो, आणि काही माणसांचं हाड इतकं जाड असतं की लहरी आत पोचतच नाहीत. वयस्क बायकांत असं जास्त आढळतं. आणि जे आकडे येतील त्यांवरून सेप्सिसच्या रुग्णाचे उपचार नेमके कसे बदलायचे, याचे ठाम नियम अजून बसलेले नाहीत. सध्याच्या मार्गदर्शक सूचना सरासरी बीपी (वरच्या आणि खालच्या आकड्यांमधलं) निदान ६५ ठेवायला सांगतात, आणि ते कराडातही पाळता येतं.

मिटलेल्या पापणीवर सोनोग्राफी करून डोळ्याच्या नसेच्या आवरणाची जाडी बघतात. ते पाच-सहा मिलिमीटरच्या वर फुगलं असेल तर डोक्यात दाब वाढल्याचा संशय घेतात. 'भोक न पाडता प्रेशर' म्हणतात ते बहुतेक हेच. मेंदूज्वर, लिव्हर निकामी होणं, डोक्याला मार, यांत याचा खरा उपयोग होतो. मूत्रमार्गातून सुरू झालेल्या सेप्सिसमध्ये, सीटी नॉर्मल असताना, दाब वाढलेला असायची शक्यता कमी. सोनोग्राफीचं मशीन बहुतेक आयसीयूत असतंच, म्हणून शंका आली तर ही तपासणी तिथेही होऊ शकेल.

बुबुळ प्रकाशाला किती झटकन आकसतं हे मोजणारं हातात धरायचं यंत्र असतं. ते ० ते ५ गुण देतं आणि ३ च्या खाली गेलं तर बिघाड समजतात. ते चांगलं आहे, पण बॅटरी घेऊन दर काही तासांनी नेमाने बघणारी सिस्टर असेल तर तुमचं अडणार नाही. कपाळाला चिकटवायच्या पट्ट्या दोन प्रकारच्या असतात. एक प्रकाशकिरणांनी मेंदूच्या पुढच्या भागातला ऑक्सिजन सांगते. दुसरी ० ते १०० मधला गुंगीचा आकडा देते, ती ऑपरेशन थिएटरात जास्त वापरतात. दोन्ही कपाळाखालच्या तेवढ्याच भागाबद्दल बोलतात. यांच्यासाठी जागचं हलू नका.

कारण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला अँब्युलन्समधून अडीच-तीन तास नेण्यात धोका असतो. नळी सरकते, बीपी पडतं, औषधाचा पंप बंद पडतो. न्यायचं असेल तर त्यासाठी ठोस कारण असावं: ईईजी कराडात कुठेच होत नाही, फिट्स सापडल्या पण औषधांनी थांबत नाहीत, एका बाजूचे हात-पाय हलेनासे झालेत आणि एमआरआय हवाय, डायलिसिस लागतंय आणि तिथे सोय नाही, किंवा पाच-सात दिवस होऊन कारण हाती लागत नाही आणि बघायला न्यूरोलॉजिस्ट नाही. असं काही असेल तर मीही म्हणेन, न्या. नुसत्या 'तिकडे मशिनं आहेत' एवढ्यावर नेऊ नका.

तुमच्या दहा मिनिटांबद्दल सांगते. आत गेल्यावर आईच्या डोळ्यांसमोर या, डावीकडून किंवा उजवीकडून नको. तिला नेहमी ज्या नावाने हाक मारता त्याच नावाने हाक मारा. आज वार कोणता, सकाळ आहे की संध्याकाळ, ती कुठे आहे आणि का, हे साध्या शब्दांत सांगा. मग एकच गोष्ट करायला सांगा, 'आई, माझा हात दाब', आणि थांबा. निदान दहा-पंधरा सेकंद थांबा. मंदावलेल्या मेंदूला उत्तर द्यायला वेळ लागतो आणि आपण घाबरून दुसरं काहीतरी बोलायला लागतो. हात दाबल्यासारखं वाटलं तर 'आता सोड' म्हणून बघा. सांगितल्यावर सोडला तर तो प्रतिसाद खरा. नुसतं दाबून धरणं बेशुद्धीतही होतं. जे दिसेल ते सिस्टरना सांगा आणि वहीत लिहा. आईची रोजची नजर, कपाळाला आठी घालण्याची तिची सवय तुम्हाला माहीत आहे. आयसीयूतल्या कुणालाही ती माहीत नाही. तुमचं बघणं हीसुद्धा एक पाहणी आहे, आणि चांगले डॉक्टर तिला किंमत देतात.

चष्मा लावत असेल तर तो न्या. कानाचं मशीन असेल तर ते न्या. रात्री दिवे मंद ठेवता येतील का आणि दिवसा पडदा उघडता येईल का, हे विचारा. झोप मोडल्याने भ्रम वाढतो. भेटीची वेळ थोडी वाढवून मागा. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत याचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भेटीचे तास वाढवून भ्रमाचं प्रमाण फारसं कमी झालं नाही, पण नातेवाइकांची चिंता आणि खिन्नता स्पष्टपणे घटली. तेवढंही कमी नाही. आई जागी होताना बरळायला लागली, तुम्हालाच चोर म्हणाली, तर घाबरू नका आणि वाद घालू नका. 'झोपेचं इंजेक्शन देऊन शांत करा' असा आग्रहही धरू नका. अशा रुग्णांना हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध दिल्याने भ्रमाचे दिवस कमी होत नाहीत, हे २०१८ मधल्या मोठ्या चाचणीत दिसून आलंय.

शेवटी तुम्ही विचारलंय, ती ओळखेल का. ताप उतरलाय, बीपी सावरलंय, किडनी वळणावर येतेय, सीटी स्वच्छ आहे, हाकेला कधीतरी डोळे उघडतायत. या सगळ्यामुळे मला आशा वाटते. सेप्सिसमधला मेंदू बहुधा सगळ्यांत शेवटी सावरतो, किडनी-फुप्फुसांच्या मागून. काही दिवस, कधी आठवडेही लागतात. दाह उतरल्यावर आणि औषधं शरीराबाहेर गेल्यावर कितीतरी जण जागे होतात, घरच्यांना ओळखतात, घरी जातात. पण सगळंच पूर्ववत होईल असं वचन मी देणार नाही. अमेरिकेत ८२१ गंभीर रुग्णांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ज्यांची तपासणी झाली, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांची बुद्धीची कामगिरी वर्षभरानंतरही डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी मंद होती. भ्रम जितका लांबला तितकं हे जास्त. म्हणून तर आत्ता फिट शोधायची, साखर जपायची, गुंगीचं औषध कमीत कमी ठेवायचं.

घरी आल्यावर असंही होईल की ती तुम्हाला ओळखेल, गप्पाही मारेल, आणि तरीही भाजीचा हिशोब चुकेल, गॅस चालू राहील, एकच गोष्ट तीनदा विचारेल. तिला आळशी किंवा म्हातारचळ लागलेली म्हणू नका, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नका. तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या, वर्षाने पुन्हा. तोवर इन्सुलिनचा डोस तिला स्वतःच्या हाताने घेऊ देऊ नका. घरातल्या एकानेच तो द्यायचा, वहीत लिहायचा, आणि ती जेवली आहे हे बघून मगच द्यायचा.